फेरीवर मला पडलेलं नाव

फेरीबोटीवर संडास नसतो. बारा मिनिटांच्या प्रवासाला संडास कशाला, असं बोट बांधणाऱ्याला वाटलं असणार, आणि त्याचं काही चुकलं नाही. प्रवासी बारा मिनिटांत उतरून जातो. पण बोट चालवणारा उतरत नाही, तो सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत त्याच नदीवर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करत राहतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहिली पंधरा वर्षं ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

या अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे नोकरीतला एखादा थरारक प्रसंग मागितला. त्यांना पूर हवा असावा. माझ्यापाशी दोन पूर आहेत, वाहत आलेली एक म्हैस आहे, आणि भर नदीत इंजिन बंद पडलं तेव्हा एका नवरदेवानं मुंडावळ्या सोडून वल्हं हातात घेतलं तेही आहे. पण नोकरीत मी खरा घाबरलो तो दिवस वेगळाच. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता, आणि बुडायची भीती तर मुळीच नव्हती, कारण बोटीखाली पाणीच नव्हतं. मुलगा म्हणाला, "बाबा, हें बरोवं नाकात, लोक हांसतले." हे लिहू नका म्हणे. मी म्हटलं, हसू देत. लोक हसतील म्हणून मी किती वर्षं गप्प बसलो ते तुला माहीत नाही, आता तूही वाच.

मी कारापूरचा. आमोण्याच्या फेरीवर खलाशी म्हणून लागलो, मांडवीचं पाणी अंगवळणी पडल्यावर परीक्षा दिली आणि मास्टर होऊन चोपड्याला आलो. चोपडें पेडण्याच्या बाजूला, समोर शिवोली, मध्ये शापोरा नदी. आज तिथे पूल आहे आणि गाड्या खालच्या पाण्याकडे न बघता निघून जातात. तेव्हा मात्र पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या माणसाला म्हापसा गाठायचा तर आमच्याच बोटीत पाय ठेवावा लागे. जुनी माणसं बोटीला अजून पोर्तुगीज वळणानं ‘गासोलीन’ म्हणायची. खात्याच्या पाटीवर फेरीबोट असं लिहिलेलं असलं तरी धक्क्यावर येऊन ती विचारणार, "गासोलीन गेली काय?"

बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगतो. फेरीवर सुकाणू धरतो तो मास्टर, खाली इंजिन बघतो तो ड्रायव्हर, आणि दोर, साखळ्या, गाड्या लावणं हे खलाशांचं काम. बोट म्हणजे एक सपाट पत्र्याचं अंगण, दोन्ही टोकांना खालीवर होणारे रॅम्प. मास्टरची केबिन त्या अंगणावर उंच, तिथे जायला लोखंडाची उभी शिडी. शिडी इतकी उभी की उतरताना तोंड शिडीकडे आणि पाठ लोकांकडे करावी लागते. ही बारीकसारीक गोष्ट लक्षात असू द्या.

सुकाणू फिरवणं कुणीही शिकेल. शिकायचं असतं ते पाणी वाचायला. जिथे पाणी काळपट आणि गुळगुळीत तिथे खोली, जिथे बारीक सुरकुत्या तिथे खाली रेती. आमच्या वाटेच्या ऐन मध्यावर रेतीचा एक लांबट उंचवटा होता, आम्ही त्याला ‘म्हशीची पाठ’ म्हणायचो. भरतीला त्याच्यावरून खुशाल जावं. सुकतीला, म्हणजे ओहोटी लागली की, नदीच्या वरच्या अंगानं मोठा वळसा घ्यायचा, पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे चार-पाच दिवस सुकती फार खाली जाते, तेव्हा तर वळशाला पर्यायच नाही. पंधरा वर्षांत माझी बोट म्हशीच्या पाठीवर एकदाही चढली नव्हती. दुसऱ्या पाळीच्या मास्टरची दोनदा चढली होती आणि हे मी लोकांना सांगायची संधी सोडत नसे.

त्या काळच्या बोटीवर काय नव्हतं? गोवा घटक राज्य झालं त्याच्या आगेमागे मराठी की कोंकणी हा वाद रोज आमच्या बोटीत चढायचा. दोन शिक्षक होते, एक या बाजूचा, एक त्या. दोघे चोपड्याला भांडण सुरू करायचे आणि शिवोलीला रॅम्प पडला की अर्धं वाक्य तोंडात ठेवून आपापल्या बसकडे पळायचे. दुसऱ्या दिवशी त्याच अर्ध्या वाक्यापासून पुढे. वर्षभरात काही निकाल लागला नाही, पण एक आजारी पडला तेव्हा दुसरा रोज धक्क्यावर त्याची चौकशी करत असे. आणि एक रीत होती. कुणी उतारावरून धावत येताना दिसला की अख्खी बोट ओरडायची, "राव रे, मनीस येता." धावणाऱ्याला सोडून बोट हलली तर लोक मास्टरला आठवडाभर बोल लावायचे. मला ती रीत फार आवडायची. पुलावर कुणी कुणासाठी थांबत नाही, थांबलाच तर मागून हॉर्न येतो.

आणि होत्या नुस्तेंवाल्या. मासळीला आमच्याकडे नुस्तें म्हणतात. हरमलहून पहाटे निघून पाच-सहा बायका साडेसातच्या फेरीला यायच्या, डोक्यावर मासळीची पाटी, हातात खाऱ्या पाण्याची बालदी, मासे ताजे दिसावेत म्हणून शिंपडायला. त्यांची पुढारीण शेवंती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, आवाज असा की बोटीचा भोंगा बिघडला असता तरी अडलं नसतं. तिची पाटी ठेवायची जागा ठरलेली, नेमकी माझ्या शिडीच्या पायथ्याशी. मी सांगायचो, पाट्या मागच्या रॅम्पकडे. ती विचारायची, "थंय वत पडटा. खंय दवरूं पांटलो, तुज्या मांडयेर?" तिथे ऊन लागतं, मग पाटी काय तुझ्या मांडीवर ठेवू? आणि बोट हसायची. एकदा मी चिडून वरिष्ठांना लेखी कळवलं, मासळीच्या पाट्यांमुळे शिडीचा मार्ग अडतो म्हणून. एक साहेब आले, त्यांनी शेवंतीला समज दिली, तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पाटी शिडीच्या पायथ्याशी. बरोबर होतो मी, नियमानं. पण ते पत्र लिहिल्याचं आज वाईट वाटतं.

शेवंतीचा खरा धंदा मासळीचा नव्हे, नावं ठेवायचा, असं आम्ही म्हणायचो. आमच्या पेडण्या-डिचोलीकडे एकदा माणसाला नाव पडलं की ते त्याच्या घराला चिकटतं, घराचं मुलांना, मुलांचं नातवंडांना. आमचा इंजिन ड्रायव्हर बाबलो उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा. शेवंतीनं त्याला ‘डुलको’ केलं आणि महिन्याभरात शाळेत त्याची मुलं डुलक्याची झाली. पेडण्याच्या एका कारकुनाची कवळी शिंकताना नदीत पडली, तो ‘बोळको’. तो पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला, पण पत्ता विचारायचा तर बोळक्याचं घर असंच विचारावं लागे. मला तिनं अजून नाव दिलं नव्हतं. मी ते माझ्या रुबाबामुळे समजत होतो.

आता मुद्द्यावर येतो. इंजिनाच्या वर, तापलेल्या पत्र्यावर, लाकडी स्टुलावर पंधरा वर्षं बसून मला बसायच्या जागी गळू झालं. ते फुटलं, भरलं, पुन्हा झालं. डॉक्टर म्हणाले भगंदर आहे, लहानसं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी. खरोखरच दोन दिवसांत घरी आलो. निघताना मात्र त्यांनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"हे बघा, आतला थोडा स्नायू कापावा लागला. दार जागच्या जागी आहे, कडी जरा सैल झाली आहे असं समजा. काही दिवस घाईची लागली की थांबवणं कठीण जाईल. बहुतेक सुधारेल."

"बहुतेक म्हणजे?"

"काहींना थोडं राहतं," ते म्हणाले. "काम काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी एक व्यायाम सांगितला, आवळून धरायचं, दहा मोजायचे, सोडायचं. दिवसातून जमेल तितक्या वेळा.

बायकोला सांगताना मी भिंतीकडे बघत होतो. संध्याकाळी तिनं पेटीतलं जुनं सुती लुगडं काढलं, त्याच्या घड्या कापल्या, कडा दुमडून शिवल्या. आजच्यासारख्या तयार वस्तू तेव्हा दुकानात मिळत नव्हत्या, मिळाल्या असत्या तरी मागायचं धाडस कुणाला झालं असतं? "लोकांक कितें सांगतलो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, लोकांना काही सांगायचं नाही. पाठीचं दुखणं म्हणायचं.

का नाही सांगायचं? खात्याला कळलं असतं तर मला धक्क्यावर बसवून ठेवलं असतं, गाड्या मोजायला, आणि सुकाणू गेलं की मी कोण उरलो असतो हे मला माहीत नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती नावाची होती. मुलगा आठवीत, मुलगी सहावीत, दोघंही पेडण्याच्या शाळेत. या दुखण्यावरून त्यांच्या बापाला कोणतं नाव पडलं असतं ते इथे लिहीत नाही, तुम्ही मनात आणलंच असेल. तेच नाव पुढे मुलीच्या लग्नातही पंगतीत फिरलं असतं.

मग मी सगळं आयुष्य त्या कडीभोवती बांधून घेतलं. सकाळची पेज बंद. पोदेर पाव घेऊन यायचा, त्याच्याकडचा एक उंडो कोरडाच चावून निघायचो. पाणी घोटभर. जेवणाच्या पिशवीत तळाला दोन घड्या. चोपड्याच्या बाजूला आडोसा असा नव्हताच. शिवोलीच्या धक्क्यावर मात्र चहाचं एक हॉटेल होतं आणि त्याच्या मागे, विहिरीपलीकडे, कवाड असलेला संडास. हॉटेलवाल्याशी मी मुद्दाम दोस्ती वाढवली. चहा सोडलेला माणूस दिवसातून चारदा चहाच्या हॉटेलात का येतो, हे त्याला कोडं होतं. शेवटी त्यानं ठरवलं की मी वर्तमानपत्र वाचायला येतो, आणि माझ्यासाठी तो ते घडी घालून ठेवू लागला. त्यामुळे शिवोली म्हणजे सुटका आणि चोपडें म्हणजे धोका, अशी माझ्या नदीची नवीनच विभागणी झाली. सुकाणूवर उभा राहून मी आवळायचो, दहा मोजायचो, सोडायचो. लोकांना वाटायचं मास्टर पाण्याकडे किती लक्ष देऊन बघतो.

असे अडीच-तीन आठवडे निभावले. मग शेजारच्या घरी देवकार्य झालं. बायको कारापूरला गेलेली, आवरायला कुणी नाही, आणि तीन आठवडे उंड्यावर काढलेल्या माणसापुढे खतखतं आलं, भाज्यांचं दाट कालवण. मी दोनदा घेतलं आणि वर दोन वाट्या सोलकढी प्यालो. खाताना इतकं बरं वाटलं की काय सांगू.

सकाळी साडेसातची फेरी. अमावास्या होऊन चार दिवस झालेले, सुकती सव्वाआठच्या सुमारास तळाला जाणार. बोटीत एक टेम्पो, सात-आठ स्कूटर, साठ-सत्तर माणसं, दोघे शिक्षक, नुस्तेंवाल्या. शेवंतीची पाटी शिडीच्या पायथ्याशी. बोट धक्का सोडून वळली आणि माझ्या पोटात पहिली कळ आली. आवळून धरलं, दहा मोजले. दुसरी कळ आली तेव्हा दहापर्यंत पोचलो नाही.

समोर शिवोलीचा धक्का दिसत होता, हॉटेलचं लाल कौल दिसत होतं. वळसा घेतला तर पाच मिनिटं जास्त. सरळ गेलो तर म्हशीच्या पाठीवर पाणी किती असेल? मी पाण्याकडे बघितलं. सुरकुत्या होत्या. मला दिसल्या, स्पष्ट दिसल्या, आणि तरी मी स्वतःला समजावलं की वाऱ्यानं पडल्या असतील. वारा नव्हता. मी सुकाणू सरळ धरलं.

खालून खर्र असा आवाज आला. बोट थोडी उचलल्यासारखी झाली आणि थांबली. बाबल्यानं इंजिन उलटं टाकलं, मागे नुसतं गढूळ पाणी उसळलं. मी घड्याळ बघितलं, पावणेआठ. पाणी अजून उतरणार, मग चढणार, म्हणजे नऊपर्यंत आम्ही हलत नाही. पाच मिनिटं वाचवायला गेलो आणि सव्वा तास पदरात पडला. आणि कडीनं तेवढ्यात मला सोडलं.

फार नव्हतं. पण पातळ होतं, आणि लुगड्याच्या घडीला आवरलं नाही. आमची पॅन्ट फिकट खाकी. हात लावून बघितलं तर मागचा भाग ओला. पिशवीतल्या घड्या घेऊन काय करणार, केबिनला तिन्ही बाजूंनी काचा. मी स्टुलावर बसलो नाही, पाठ मागच्या पत्र्याला टेकवून उभा राहिलो. खाली लोकांचा गलका सुरू झालेला. कुणाला ऑफिस, कुणाला कोर्ट. शिक्षकांपैकी एक म्हणाला, "पंधरा वर्षांत पहिल्यांदा." दुसऱ्यानं त्याच्याशी पहिल्यांदाच सहमती दाखवली.

बोट रुतली की मास्टरनं खाली यायचं असतं. रॅम्पवर जाऊन बांबूनं पाणी मोजायचं, कोणत्या टोकाला किती रुतलंय ते बघायचं आणि माणसांना त्या टोकावरून या टोकाला हलवून बोट हलकी करायची. हे मास्टरनं करायचं, दुसरं कुणी केलं तर माणसं ऐकत नाहीत. बाबलो खालून हाका मारू लागला. "मास्टर, सकयल या मरे. उदक कितलें आसा तें पळयात." एकदा, दोनदा, तीनदा. मी म्हणालो, येतो. येतो म्हणून तिथेच उभा. मग माणसंच वर बघू लागली. कुणीतरी म्हणालं, "मास्टराक कितें जालें? भियेलो काय?"

तेव्हा मी जो विचार केला तो सांगायला आज लाज वाटत नाही. बोटीच्या त्या अंगानं नदीत उडी टाकावी असा विचार केला. मग वाटलं, खाली गुडघाभर पाणी, पाय मोडेल आणि उचलून नेतील, म्हणजे सगळ्यांना सगळं दिसेल.

शेवटी शिडीवर पाय ठेवला. तोंड शिडीकडे, पाठ साठ-सत्तर माणसांकडे. एक पायरी, दुसरी पायरी. माझ्या नेमकं खाली शेवंती बसली होती, वर तोंड करून. माझं लक्ष नसताना तिनं किती वेळ वर बघितलं होतं कुणास ठाऊक. मी मान वळवून खाली बघितलं आणि आमची नजरानजर झाली. तिला कळलं. मासळी विकणाऱ्या बाईच्या नाकाला काय कळत नाही? मला वाटलं, संपलं. आता ती तोंड उघडणार, आणि ती जे म्हणेल ते माझं नाव.

ती उठली. मी शेवटून तिसऱ्या पायरीवर होतो. तिनं बालदी उचलली, आणि ते सगळं खारं, मासळीचं, रक्ताळलेलं पाणी माझ्या कमरेपासून खाली ओतलं. पाठोपाठ पायानं पाटी अशी ढकलली की बांगडे पत्र्यावर चहूकडे. आणि मग तो आवाज. "मेल्या मास्टरा, दोळे फुटले काय तुजे? माज्या पांटल्याक लाथ मारली. पळयात गो, लाथ मारली मेल्यान."

मी शिडीला धरून उभा. पाणी माझ्या पायांवरून निथळत होतं. बाकीच्या नुस्तेंवाल्या धावल्या आणि त्याही सुरू झाल्या. लोक हसत होते, बांगडे गोळा करत होते, कुणी नाकाला रुमाल लावत होतं, कारण सगळीकडे मासळीचाच वास. कुणीही माझ्या पॅन्टकडे दुसऱ्या कारणासाठी बघत नव्हतं. बांगडा उचलायला शेवंती माझ्या पायाशी वाकली आणि ओरडण्याच्या दोन दमांच्या मध्ये, हळू, म्हणाली, "देंव उदकांत. कोण पळेना." उतर पाण्यात, कुणी बघत नाही. आणि लगेच पुन्हा मोठ्यानं, "आतां धुवन यो, मेल्या, ना जाल्यार लोकांक घाणयतलो."

मी बांबू उचलला आणि रॅम्पवरून पाण्यात उतरलो. चार पावलं चाललो की पाणी कमरेला आलं. बांबू हातात होता, त्यामुळे मास्टर खोली मोजतोय असंच दिसत असणार, आणि मी खरंच मोजलीही. हिवाळ्याची सकाळ, पाणी गार. मी खाली बसून घेतलं, गळ्यापर्यंत. बोटीवरून तिचं ओरडणं अखंड चालू होतं, माझ्या आजोबांपर्यंत पोचलं होतं. मी पाण्यात बसून रडलो. तोंड ओलंच होतं, कुणाला कळलं नाही.

नऊला पाच कमी असताना बोट आपसूक सुटली. शेवंती त्या दिवशी म्हापशाला उशिरा पोचली, बाजार उठून गेला असेल, आणि तिचे बांगडे तर पत्र्यावर लोळलेले. मी तिला काय बोलणार होतो, आणि कुणासमोर?

दुसऱ्या दिवशी तिनं धक्क्यावरच जाहीर केलं, "लाथाडो मास्टर आयलो." तेच माझं नाव. आठवड्यात पेडण्यापर्यंत गेलं. माझी मुलं शाळेत लाथाड्याची झाली आणि घरी येऊन माझ्यावर रुसली. मी त्यांना समजावलं नाही. बायकोला मात्र सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आतां तिचो पांटलो शिडयेकडेनच रावूं दी." राहिला. मी त्यानंतर कधी पाटीवरून शब्द काढला नाही.

एकदा कारापूरहून घरच्या केळ्यांचा घड आणला आणि तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "शेवंते, तुका म्हूण हाडल्यात." तिनं घड उंच धरून सगळ्या बोटीला दाखवला. "पळयात, आदीं लाथ मारता, मागीर केळीं दिता." आणि एकेक केळं तोडून सगळ्यांना वाटून टाकलं. आभार मानायची तिनं मला सोयच ठेवली नाही. मी नंतर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ती पाटीवरूनच भांडली. शेवटी मीही भांडायला शिकलो. रोज सकाळी साडेसातला आमचं भांडण व्हायचं आणि ज्या दिवशी ती यायची नाही त्या दिवशी लोक विचारायचे.

कडीचं म्हणाल तर वर्षभरात बरीच घट्ट झाली. पूर्ण नाही. व्यायाम अजून करतो, आणि देवकार्याला सोलकढी एकच वाटी घेतो. सुकतीला वळसा कधी चुकवला नाही.

मग पूल झाला. शेवटच्या फेरीला माणसं मुद्दाम आली होती, शिक्षकही आले होते, दोघेही पांढरे झालेले. नुस्तेंवाल्या आल्या नाहीत, त्यांना त्या दिवसापासून टेम्पो सरळ म्हापशाला नेत होता. माझी बदली पुन्हा आमोण्याला झाली आणि तिथूनच निवृत्त झालो. मांडवी चांगली नदी आहे, पण मला अजून स्वप्नात शापोराच दिसते.

शेवंती वारल्याचं दहा-बारा दिवसांनी कळलं. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून हरमलला गेलो. घर ओळखू आलं नाही. वर चार खोल्या चढवलेल्या, पर्यटकांना भाड्यानं देतात, गॅलरीत टॉवेल वाळत होते. ओसरीवर तिचा थोरला बसला होता, डोकं भादरलेलं. मी चोपड्याच्या फेरीवरचा मास्टर, असं सांगितलं. तो उठलाच. "लाथाडो मास्टर?" त्यानं आत हाक मारली, "गो, भायर यो, लाथाडो मास्टर आयला." सून आली, नातवंडं आली. एका नातीनं कमरेवर हात ठेवून आजीचा आवाज काढून दाखवला, "मेल्या मास्टरा, दोळे फुटले काय तुजे?" सुतकाच्या घरात सगळे हसले. माझा मुलगाही हसला.

"ती हे सांगायची?" मी विचारलं.

"मरेसर सांगताली. निमाणे दीस माणसां वळखनाशिल्ली, पूण ही काणी सारकी सांगताली. तुमी शिडयेवयल्यान देंवले आनी पांटल्याक लाथ मारली."

"आणि पुढे?"

"फुडें कितें?" तो म्हणाला. "तिणें तुमकां उदकांत धाडले. इतलेंच मरे."

तिनं पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत तिला त्याचा चेहरा आठवत नव्हता, तरी माझी लाथ तिनं चुकू दिली नव्हती.

"बरोबर," मी म्हणालो. "माझीच चूक. बघून उतरायला हवं होतं."

परत येताना पुलावर मुलानं स्कूटर थांबवली नाही, मीही थांब म्हटलं नाही. घरी आलो आणि हे लिहायला घेतलं. हरमलला हा अंक पोचला तर तिच्या मुलानं वाचावा, नातीला वाचून दाखवावा. शेवंतीच्या पाटीला माझा पाय लागला नव्हता.